हीण हवे, पण किती?

संमिश्रांचा पाठ शिकवताना आपण पितळ, कासे आणि पोलाद यांची उदाहरणे देतो. मुले ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत लिहितात. पण ज्या संमिश्राशी घरोघरी सर्वांत जवळचा संबंध येतो, ज्याच्यावर कुटुंबाची वर्षानुवर्षांची शिल्लक खर्च होते, त्याचे नाव या यादीत क्वचितच येते. ते संमिश्र म्हणजे दागिन्यांचे सोने.

काही वर्षांपूर्वी विज्ञानशिक्षकांच्या एका शिबिरात मी हे बोलून दाखवले. तेव्हा एक शिक्षिका म्हणाल्या, "मॅडम, सोने जितके शुद्ध तितके चांगले, हे तर उघडच आहे. ज्याला परवडते तो बावीस कॅरट घेतो, ज्याला परवडत नाही तो अठरा घेतो. यात विज्ञान कुठे आले?" सभागृहातल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. हे मत आपल्या भाषेतही मुरलेले आहे. अस्सल माणसाला आपण 'बावनकशी' किंवा 'शंभर नंबरी' म्हणतो. सोन्यात मिसळलेल्या दुसऱ्या धातूला 'हीण' म्हणतात आणि कमी प्रतीच्या कोणत्याही गोष्टीला 'हीणकस'. हीण म्हणजे वाईट, अशी आपली पक्की समजूत झालेली असते.

प्रत्यक्षात हीण नसेल तर बहुतेक दागिने टिकणारच नाहीत. म्हणून खरे प्रश्न तीन आहेत. कोणत्या दागिन्यात किती हीण असावे? ते कोणते असावे? आणि सांगितले तेवढेच ते आहे, हे कसे ओळखावे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे धातुविज्ञानात मिळतात. तिसऱ्या प्रश्नापायी माझ्या आईचे पाच ग्रॅम सोने गेले. ती हकीकत पुढे येईलच.

चोवीस भागांचा हिशेब

'कॅरट' हे नाव भूमध्य समुद्राकाठच्या कॅरब नावाच्या झाडाच्या बियांवरून आले. आपल्याकडे सोनार जशी गुंज वापरत, तशा त्या बिया तिकडे वजनासाठी वापरत. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, असे आपले जुने कोष्टक आहे. त्या हिशेबाने तोळा ११.६६ ग्रॅमचा होतो. आज मात्र पुष्कळ दुकानांत १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. म्हणून भाव विचारताना ग्रॅममध्येच विचारावा. हिऱ्याच्या संदर्भात कॅरट हे वजनाचे एकक आहे (२०० मिलिग्रॅम). सोन्याच्या संदर्भात मात्र ते वजन सांगत नाही, प्रमाण सांगते.

शुद्ध सोने २४ कॅरट मानले, तर २२ कॅरट म्हणजे वजनाने २४ भागांपैकी २२ भाग सोने आणि २ भाग हीण. २२ ला २४ ने भागले की ०.९१६६ येतात. दागिन्यावर '९१६' असा जो छाप असतो तो हाच. दर हजार भागांत ९१६ भाग सोने. त्याच रीतीने १८ कॅरट म्हणजे ७५०. १४ कॅरटचा भागाकार ५८३ येतो, पण भारतीय मानकात त्यासाठी ५८५ हा आकडा आहे. २० कॅरटला ८३३, २३ कॅरटला ९५८ आणि ९ कॅरटला ३७५. सहावीच्या मुलांनाही हे गुणोत्तर काढता येते. त्यात चांगले-वाईट असे काही नाही. वीस रुपयांच्या नोटेपेक्षा पन्नासची नोट 'अधिक शुद्ध' आहे असे कोणी म्हणत नाही. कॅरटचा आकडाही तसाच, आत सोने किती आहे एवढेच सांगणारा.

अणू मोजले तर?

वजनाऐवजी अणू मोजले तर चित्र बदलते. सोन्याचा अणुभार सुमारे १९७ आणि तांब्याचा ६३.५. म्हणजे तांब्याचा अणू सोन्याच्या अणूच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच जड. हीण म्हणून फक्त तांबे घातलेले २२ कॅरटचे १०० ग्रॅम सोने घेऊ. त्यात सोने ९१.६७ ग्रॅम आणि तांबे ८.३३ ग्रॅम. प्रत्येकाला आपापल्या अणुभाराने भागले तर ०.४६५ आणि ०.१३१ मोल मिळतात. म्हणजे एकूण अणूंपैकी सुमारे २२ टक्के अणू तांब्याचे! ज्याला आपण जवळजवळ शुद्ध समजतो, त्या सोन्यात दर पाच अणूंमागे एकापेक्षा किंचित जास्तच अणू तांब्याचे आहेत.

हाच हिशेब १८ कॅरटचा करा. ७५ भागिले १९७ आणि २५ भागिले ६३.५. उत्तरे ०.३८१ आणि ०.३९४ येतात. म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक अणू तांब्याचेच. वजनाचे टक्के आणि अणूंचे टक्के यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. दोन कॅरटांचे हीण दिसायला थोडे असले तरी त्याचा परिणाम इतका मोठा का होतो, हेही त्यातून उलगडते.

हीण काय काम करते?

शुद्ध सोने फार मऊ असते. त्याचे अणू एकावर एक रचलेल्या थरांत बसलेले असतात आणि जोर लावला की हे थर एकमेकांवरून घसरतात. अख्खा थर एका दमात घसरत नाही. मोठी सतरंजी ओढून सरकवणे जड जाते, पण तिच्या एका टोकाला सुरकुती पाडून ती सुरकुती दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत नेली तर सतरंजी सहज पुढे सरकते. धातूच्या स्फटिकातही अशाच 'सुरकुत्या' असतात. शुद्ध सोन्यात त्या जवळजवळ विनासायास सरकतात. म्हणूनच सोन्याची वर्धनीयता आणि तन्यता इतकी मोठी. वर्ख करायला हा गुण वरदान आहे, पण रोज हातात घालायच्या बांगडीला तोच शाप ठरतो.

आता सतरंजीखाली खडे विखुरले आहेत अशी कल्पना करा. सुरकुती प्रत्येक खड्याला अडेल. सोन्याच्या अणूची त्रिज्या सुमारे १४४ पिकोमीटर असते आणि तांब्याची १२८. हा लहान अणू सोन्याच्या रांगेत बसला की आजूबाजूची रचना थोडी ओढली जाते आणि सुरकुती तिथे अडखळते. चांदीच्या अणूची त्रिज्या मात्र सोन्याइतकीच, सुमारे १४४. तो रांगेत बिनबोभाट बसतो. त्यामुळे चांदी सोन्याला फारसे कठीण करत नाही, तांबे करते. कठीणपणा मोजण्याच्या विकर्स मोजपट्टीवर नरम केलेले शुद्ध सोने सुमारे २५ भरते. चांदी आणि तांबे घातलेले २२ कॅरटचे सोने साधारण ५०, आणि १८ कॅरटचे हिणाच्या प्रकारानुसार सव्वाशे ते दीडशेपर्यंत जाते.

तांबे जास्त असलेल्या लालसर १८ कॅरटची एक गंमत शिक्षकांना आवडेल. वर पाहिले की त्यात सोन्याचे आणि तांब्याचे अणू जवळजवळ निम्मेनिम्मे असतात. ते तापवून सावकाश थंड होऊ दिले तर सुमारे ४१० अंश सेल्सिअसच्या खाली हे अणू आळीपाळीने, एक थर सोन्याचा आणि एक थर तांब्याचा, असे शिस्तीत बसू लागतात. त्यामुळे धातू कडक आणि ठिसूळ होतो. म्हणून कारागीर तो तापवल्यावर लगेच पाण्यात विझवतात. अणूंना रांगा लावायला वेळच मिळत नाही आणि धातू नरम राहतो. लोहार पोलाद पाण्यात विझवतो ते कडक करण्यासाठी. इथे तीच कृती धातू मऊ ठेवण्यासाठी केली जाते.

हीण रंगही ठरवते. सोने निळा प्रकाश शोषते म्हणून पिवळे दिसते. तांबे वाढवले की रंग लालीकडे झुकतो आणि चांदी वाढवली की फिकट, हिरवट पिवळ्याकडे. चांदी व तांबे समप्रमाणात असतील तर पिवळेपणा बराचसा टिकतो. तेव्हा 'लालसर आहे म्हणजे कमी कॅरटचे' हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. दोन दागिने एकाच कॅरटचे असून त्यांचे रंग अगदी वेगळे असू शकतात. पॅलेडिअम किंवा निकेल घातले की सोने पांढरे होते. अशा दागिन्यांवर बहुधा ऱ्होडिअमचा मुलामा असतो आणि काही वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो. निकेलमुळे काही जणांच्या त्वचेला खाज सुटते. त्यांनी पांढरे सोने घेताना आत निकेल आहे का, हे आधी विचारावे.

कोणत्या कामाला कोणते सोने?

आता शिबिरातल्या प्रश्नाकडे वळू. उत्तर त्या दागिन्याला काय काम करायचे आहे यावर अवलंबून आहे.

निव्वळ साठवण करायची असेल तर २४ कॅरटचे नाणे किंवा वेढणे घ्यावे. ते तिजोरीतच राहणार, त्यामुळे मऊपणाची अडचण नाही. हीण नाही आणि घडणावळही थोडी, त्यामुळे मोडताना तूट सर्वांत कमी येते.

पाटल्या, बांगड्या, ठुशी, बोरमाळ या आपल्या पारंपरिक दागिन्यांना २२ कॅरट योग्य ठरते. पातळ पत्रा ठोकून त्यावर नक्षी उठवणे, बारीक तार ओढणे, वळणे, हे काम हातोडीखाली वाकणाऱ्या धातूतच साधते. ठोकताना सोने कडक होत जाते, मग कारागीर त्याला ताव देऊन पुन्हा नरम करतो. आपल्या सोनारांचे कौशल्य आणि दागिन्यांचे घाट या सोन्याशी जुळवूनच घडत आले आहेत. शिवाय आपल्याकडे दागिना ही शिल्लकही असते, हे विसरून चालणार नाही.

हिऱ्याच्या अंगठीचे काम वेगळे. हिरा तीन-चार बारीक नख्यांनी धरून ठेवलेला असतो. २२ कॅरटच्या नख्या दुपट्ट्यात किंवा स्वेटरमध्ये अडकल्या की वाकतात आणि खडा निसटतो. तिथे १८ कॅरटच हवे. अंगठीतल्या सोन्यापेक्षा हिरा महाग असेल तर सोन्याचा कस वाढवून हिरा गमावण्यात शहाणपण नाही. कानातल्या कुड्यांच्या फिरकीचे आटेही २२ कॅरटमध्ये लवकर झिजतात. रोज घालायची नाजूक साखळी असेल तर कडी कडीला घासून पातळ होते. मंगळसूत्राची कडी वर्षातून एकदा भिंगाखाली पाहावी, हे मी सर्वांना सांगते.

१४ कॅरटचे सोने आपल्याकडे दागिन्यांत कमी दिसते. पण जुन्या चांगल्या फाउंटनपेनाचे निब पाहा. त्यावर पुष्कळदा १४ कॅरट असे कोरलेले असते. शाईतल्या आम्लाने गंजू नये इतके सोने त्यात हवे आणि लिहिताना दबून पुन्हा सरळ व्हावे इतकी लवचीकताही हवी. दोन्ही गरजांचा मेळ तिथे बसतो. कॅरट आणखी उतरले की हिणातले तांबे आणि चांदी उघडी पडू लागतात आणि घाम व हवेतली गंधकाची संयुगे यांमुळे दागिना काळवंडतो.

कामाचा विचार न करता वरून आकडा ठरवला तर काय होते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. सोन्याची मागणी आणि चोरटी आयात कमी व्हावी हा उद्देश होता. पण लोकांनी १४ कॅरट स्वीकारले नाही. असंख्य सोनारांचा रोजगार बुडाला. पुढे हे बंधन मागे घ्यावे लागले आणि १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. १४ कॅरट हे संमिश्र म्हणून वाईट नव्हते. पण ज्या दागिन्याकडे लोक अडीअडचणीची शिल्लक म्हणून पाहत होते, त्याच्या कामाला ते बसत नव्हते.

आईचा चपलाहार

आता तिसरा प्रश्न. आईच्या लग्नात, १९७७ साली, तिला एक चपलाहार घेतला होता. वजन ४८ ग्रॅम, पावतीवर '२२ कॅरट' असे लिहिलेले. २०१८ मध्ये वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी तो मोडायचे ठरले. आईचा हिशेब तोंडपाठ होता : ४८ गुणिले २२ भागिले २४, म्हणजे ४४ ग्रॅम शुद्ध सोने.

हार वितळवून तपासला तेव्हा शुद्धता निघाली ८१.२५ टक्के, म्हणजे साडेएकोणीस कॅरट. शुद्ध सोने ३९ ग्रॅम. पाच ग्रॅम कमी. ज्यांनी तो वितळवला ते गलाईवाले काका विट्याकडचे होते. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली ही मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभरच्या सराफ बाजारांत पसरलेली आहेत. मूस थंड होईपर्यंत ते आईला म्हणाले, "वहिनी, सोनं खोटं नव्हतं. झाळ फार होती."

झाळ म्हणजे दोन तुकडे सांधण्यासाठी वापरलेला धातू. तो मूळ सोन्याच्या आधी वितळायला हवा, नाहीतर सांधा जुळेपर्यंत दागिनाच वितळून जाईल. इथे एक चमत्कारिक गुणधर्म उपयोगी पडतो. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबे १०८५ ला. पण दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले तर मिश्रण ९१० अंशांच्या आसपासच वितळते, म्हणजे दोन्ही घटकांच्या खाली. चांदीही मिसळली की आणखी खाली. म्हणून जुने कारागीर टाकणखार लावून तांबे-चांदीयुक्त, कमी कसाच्या सोन्याची झाळ देत. चपलाहारात कित्येक कड्या आणि प्रत्येक कडीला सांधा. समजा हारातले ३६ ग्रॅम सोने खरोखर २२ कॅरटचे होते आणि १२ ग्रॅम झाळ १२ कॅरटची होती. मग शुद्ध सोने ३३ अधिक ६, बरोबर ३९ ग्रॅम. नववीच्या वर्गाला एकसामयिक समीकरणांसाठी हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

पत्रा २२ कॅरटचा होता, म्हणून विकणाऱ्याने त्याला २२ कॅरट म्हटले आणि वजन मात्र झाळीसकट सगळ्या हाराचे लावले. आईने ४१ वर्षे जे सोने आपले मानले त्यातले पाच ग्रॅम कधी नव्हतेच.

झाळीचा हा दोष टाळण्यासाठी मध्यंतरी कॅडमिअमची झाळ आली. सुमारे ९२ भाग सोने आणि ८ भाग कॅडमिअम, त्यामुळे कस २२ कॅरटच राहतो. 'केडीएम' या नावाने असे दागिने खूप खपले. पण कॅडमिअम ७६७ अंशांनाच उकळते. झाळ देताना त्याची वाफ कारागिराच्या श्वासात जाते. फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांना ती घातक आहे आणि कॅडमिअममुळे कर्करोग होतो हेही सिद्ध झाले आहे. भारतीय मानकात आता कॅडमिअमला जागा नाही. त्याऐवजी जस्त, इंडिअम यांसारखे धातू वापरून झाळ करता येते. 'केडीएम' हा शुद्धतेचा छाप नाही आणि तो शब्द उच्चारून कोणी दागिना विकत असेल तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नये.

कस कसा पाहतात?

सर्वांत जुनी परीक्षा कसोटीची. काळ्या, बारीक पोताच्या दगडावर दागिना घासून रेघ ओढतात आणि शेजारी ठरावीक कसाच्या सोन्याच्या रेघा ओढतात. मग नायट्रिक आम्लाचा थेंब लावतात. आम्ल तांबे आणि चांदी विरघळवते, सोने नाही. जितके हीण जास्त तितकी रेघ फिकी पडते. जाणकार डोळा यात बरेच काही सांगतो, पण दशांश टक्के सांगू शकत नाही.

दुसरी परीक्षा आर्किमिडीजच्या गोष्टीतली, घनतेची. सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५ आणि तांब्याची सुमारे ९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. त्यावरून २२ कॅरटची घनता १७.६ ते १८ आणि १८ कॅरटची १५ ते १६ येते. हीण चांदीचे असेल तर वरचा आकडा, तांब्याचे असेल तर खालचा. १० ग्रॅमची साधी अंगठी दोऱ्याने बांधून पाण्यात बुडवली तर २२ कॅरटची असल्यास वजन सुमारे ०.५६ ग्रॅमने घटेल आणि १८ कॅरटची असल्यास सुमारे ०.६५ ग्रॅमने. फरक ०.१ ग्रॅमपेक्षाही कमी. शाळेच्या मोजपात्रात हा फरक दिसणारच नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू लागेल. आणि लाख भरलेल्या मण्यांचा कोल्हापुरी साज, खड्यांची अंगठी किंवा पोकळ बांगडी यांच्यावर ही परीक्षा चालत नाही. शिवाय टंगस्टनची घनता १९.२५, म्हणजे सोन्याइतकीच. आर्किमिडीजलाही तो फसवू शकला असता.

तिसरी परीक्षा क्ष-किरणांची. सराफाच्या दुकानातले यंत्र दागिन्यावर क्ष-किरण टाकते. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडते आणि त्यावरून प्रमाण कळते. दागिना मोडावा लागत नाही, मिनिटाभरात आकडा मिळतो. पण हे यंत्र पृष्ठभागाचे काही मायक्रॉनच पाहते. वर जाड मुलामा असेल तर ते मुलाम्याचा कस सांगेल. पत्र्यावर धरले तर झाळ दिसणार नाही.

शेवटचा शब्द अजूनही अग्निपरीक्षेचा. दागिन्याचा छोटा नमुना अचूक तोलून, त्यात शिसे आणि चांदी घालून, सच्छिद्र वाटीत भट्टीत तापवतात. शिशाचे ऑक्साइड तांब्यासारख्या हिणाला बरोबर घेऊन वाटीत मुरते. उरते सोन्या-चांदीची गोळी. ती चपटी करून नायट्रिक आम्लात उकळली की चांदी विरघळते आणि निव्वळ सोने राहते. ते पुन्हा तोलायचे. इथे चांदी मुद्दाम घालतात हे मुलांना आधी विचित्र वाटते. सोने फार जास्त असेल तर ते चांदीला कवटाळून बसते आणि आम्ल आतपर्यंत पोचत नाही. चांदी सोन्याच्या अडीच-तीन पट असली की वाट मोकळी होते. शुद्ध सोने मिळवण्यासाठी आधी त्यात हीण घालावे लागते!

ग्राहकाने काय करावे?

प्रत्येकाने अग्निपरीक्षा करणे शक्य नाही, म्हणून प्रमाणचिन्ह असते. भारतीय मानक ब्यूरोची सोन्याच्या दागिन्यांसाठीची हॉलमार्क योजना २००० मध्ये सुरू झाली. २३ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत ती सक्तीची झाली आणि पुढे आणखी जिल्ह्यांत पसरली. १४, १८ आणि २२ कॅरटबरोबर नंतर २०, २३ आणि २४ कॅरटही आले, २०२५ मध्ये ९ कॅरटचीही भर पडली. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर तीन खुणा असाव्या लागतात : ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, कॅरट व शुद्धतेचा आकडा (उदाहरणार्थ २२ कॅरट ९१६) आणि अक्षरे व अंक मिळून सहा जागांचा त्या दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक, म्हणजे एचयूआयडी. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपमध्ये हा क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि तपासणी केंद्र कळते. अ‍ॅपमध्ये 'बांगडी' आले आणि हातात अंगठी असेल तर काय समजायचे ते उघड आहे. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्यांना आणि कुंदन, पोलकी, जडावाच्या कामाला सक्तीतून सूट आहे, तिथे अधिक सावध राहावे.

पावतीवर एकूण वजन, खड्यांचे वजन, सोन्याचे निव्वळ वजन, कॅरट, त्या कॅरटचा भाव आणि घडणावळ हे सर्व वेगवेगळे लिहून घ्यावे. २२ कॅरटचा भाव शुद्ध सोन्याच्या भावाच्या २४ भागांपैकी २२ भागांच्या आसपास आहे ना, हे तिथेच ताडून पाहावे. हॉलमार्क असूनही कस कमी निघाला तर वजनावर जेवढी तूट येते तिच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळावा, अशी तरतूद मानक ब्यूरोच्या २०१८ च्या नियमांत आहे. ती पुष्कळांना ठाऊक नसते. आईच्या हाराच्या वेळी मागायला असे काहीच नव्हते.

वर्गात सोने आणायची गरज नाही. पितळी नळाचा तुकडा, तांब्याची तार आणि स्टीलचा चमचा घेऊन पाण्यातले वजन मोजावे, घनता काढावी आणि मोजमापात किती चूक संभवते हे मुलांकडून लिहून घ्यावे. मुलांना घरातल्या दागिन्यांवरचे आकडे भिंगाने वाचून फक्त ते आकडे टिपून आणायला सांगावे, कोणाकडे काय आणि किती आहे ते विचारू नये. आणखी एक काळजी शिक्षकांनी स्वतः घ्यावी. पाऱ्याचा तापमापी फुटला तर जवळ जाण्यापूर्वी अंगठी आणि बांगड्या काढून ठेवाव्यात. पारा सोन्यात मुरतो, पांढरा डाग पडतो आणि तेवढी जागा ठिसूळ होते.

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी खरेदीला गेलो तेव्हा आई बरोबर होती. पाटल्या २२ कॅरटच्या घेतल्या आणि हिऱ्याची अंगठी १८ ची. अठरा म्हटल्यावर आईने आधी माझ्याकडे रोखून पाहिले. नख्यांचे कारण सांगितल्यावर तिने अंगठीचा हिरा बोटाने हलवून पाहिला, पर्समधून भिंग काढले आणि आतल्या बाजूचे ७५० हे आकडे मोठ्याने वाचले. मग सहा अक्षरे वाचून दाखवत मला म्हणाली, "आता तुझ्या त्या मोबाइलवर बघ." मी पाहिले. जुळत होते.